अर्थिंगला पाणी

कॉम्प्युटर वाडीवर न्यायचं ठरलं त्याच संध्याकाळी मी यादी केली. मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, स्टॅबिलायझर, यूपीएस, लांब वायरचा बोर्ड, डॉसच्या फ्लॉप्या, कंपायलरच्या फ्लॉप्या, दोन्हींच्या नकला, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीची शिवलेली आवरणं. आधी बांधून ठेवायचं ते वर, ऐन वेळी घ्यायचं ते खाली. यादीत पाणी नव्हतं. सांगलीत खोलीवर बसून यादी करताना ते सुचायचं काही कारणही नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मी सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायचे. लग्न केलेलं नव्हतं, वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. संक्रांत झाली आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा, बोलणं तोंडातल्या तोंडात. माझ्या खोलीचा जिना इतका अरुंद की त्यांना वर न्यायचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना स्वतःलाही वाडीवरच जायचं होतं. आमची वाडी आटपाडीपासून थोडी आत. भाऊ फौजेत, सीमेवर. आबांना उचलून कुशीवर वळवणं आईला एकटीला जमणारं नव्हतं. मी जाणं भाग होतं.

ऑफिसच्या साहेबांना मी सरळ विचारलं, मशीन घरी नेऊन काम केलं तर चालेल का? त्या काळी घरून काम करणं म्हणजे रजेवर असणं, असाच समज होता. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "मॅडम, न्या. पण एप्रिल संपायच्या आत मिरजेच्या दवाखान्याचा प्रोग्राम चालू दिसला पाहिजे. दर आठवड्याला एसटीनं फ्लॉपी पाठवायची. मध्ये खंड पडला तर मला इथं दुसरं माणूस बसवावं लागेल. मग तुमच्यासाठी खुर्ची उरणार नाही, आधीच सांगतो."

प्रोग्राम होता औषधांच्या साठ्याचा: कुठलं औषध किती उरलंय, कुठल्याची मुदत संपत आलीय. अवघड काही नव्हतं. मशीन नीट चाललं तर वेळेत होणारं होतं. मी हो म्हटलं.

सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, एका भिंतीला आबांची खाट होती. समोरच्या भिंतीला मी टेबल लावलं, म्हणजे काम करता करता त्यांच्यावर लक्ष राहील. पहिल्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हार्ड डिस्कवर चढवला, मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत हव्या त्या ओळी घातल्या, एक चिमुकला प्रोग्राम लिहून चालवून पाहिला. स्क्रीनवर 'नमस्कार' उमटलं. इंग्रजी अक्षरांत, पण उमटलं. आबा खाटेवरून एका डोळ्यानं बघत होते. आईनं कौतुकानं सीपीयूच्या डब्यावरून हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आगं, मुंग्या आल्या! करंट हाय ह्यात."

"थोडा असतो आई, काही होत नाही."

"थोडा असतो म्हनं. थोडा करंट कुटं असतो व्हय?"

खरं म्हणजे मलाही मुंग्या येत होत्या. मी चप्पल घालून बसायला लागले. पण दुसऱ्या दिवशी खरा प्रोग्राम कंपाइल करायला घेतला तर निम्म्यावर मशीन गोठलं. बंद करून चालू केलं, परत गोठलं. तिसऱ्यांदा नीट झालं, पण फ्लॉपीवर उतरवलेली फाइल वाचता येईना. मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. कंपायलर पुन्हा चढवला. मेमरीच्या ओळी बदलल्या. केबल काढून पुसून लावली. यूपीएस काढून बघितला. प्लग दुसऱ्या सॉकेटात लावून बघितला. प्रत्येक वेळी काय बदललं आणि काय झालं ते लिहीत होते. तो कागद दोन्ही बाजूंनी भरला आणि त्यातून निष्पन्न काही होईना. कधी तासभर सुरळीत चालायचं, मग विनाकारण थांबायचं. नियमानं बिघडणारी गोष्ट दुरुस्त करता येते. ही नियमानं बिघडतच नव्हती.

वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं आटपाडीला जाऊन एसटीडी बूथवरून आमच्या ऑफिसच्या हार्डवेअर इंजिनिअरला फोन लावला. हा उत्साही तरुण, बोलायला भराभर. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, घराला अर्थिंग आहे का?"

मी घरी येऊन बोर्ड खोलला. तीन भोकांच्या सॉकेटात तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. ते नुसतं शोभेला होतं. वाडीवर सगळीकडेच तसं असणार. दिवा आणि पंख्याला कोण अर्थिंग करतो?

दोन दिवसांनी इंजिनिअर सकाळच्या एसटीनं आला. पिशवीत तांब्याची पट्टी, जाड वायर, मीटर. परसात खड्डा खणायचा होता. आमच्या परसातली जमीन म्हणजे मुरूम. त्याचा उत्साह चार टिकावांतच ओसरला. शेजारी राहणारे मामा पहार घेऊन आले. मामांची मेंढरं होती आणि थोडी जिरायती जमीन. खड्डा झाला तसा इंजिनिअर त्यात कोळसा आणि मीठ थराथरानं ओतायला लागला.

मामा कमरेवर हात ठेवून बघत होते. "इंजनेरसाहेब, येवढं मीठ? लोनचं घालायलाय काय कंपूटरचं?"

"मामा, मशीनचा करंट जमिनीत गेला पाहिजे ना."

"जमिनीत गेलेलं काय हितं परत वर येत न्हाई. आमचं बी-बियानं बगा की."

मधोमध लोखंडी पाइप उभा करून, वर नरसाळं बसवून इंजिनिअरनं इकडंतिकडं पाहिलं. चुलीमागं पाण्याचं पिंप होतं. कुणी काही बोलायच्या आत त्यानं त्यातून दोन बादल्या भरल्या आणि पाइपात ओतल्या. घळघळ करत पाणी खाली गेलं. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला. मामांनी नजर दुसरीकडं वळवली.

इंजिनिअर खूश होता. मीटर लावून त्यानं मला दाखवलं, काटा पाहिजे त्याच्या आत होता. मशीन लावलं, मुंग्या गेल्या. कंपाइल केलं, एका दमात झालं. निघताना मीटर माझ्याकडं ठेवून, चहा पिता पिता तो म्हणाला, "आता रोज बादलीभर पाणी घालत जा. खड्डा वाळला की अर्थिंग गेलं समजा. उन्हाळ्यात दोनदा घातलं तर उत्तमच."

"आन् ती बादली कोन देनार?" आईनं विचारलं. "तुमच्या सांगलीची किस्ना?"

तो हसला. त्याला वाटलं ती चेष्टा करतेय.

आमच्याकडं फाल्गुन लागायच्या आधीच टँकर सुरू व्हायचा. तो येऊन वाडीच्या हौदात पाणी सोडायचा, आणि तिथून घरटी ठरलेल्या घागरी. हा हिशेब आबांनीच बसवलेला. ते ग्रामपंचायतीत होते तेव्हा हौदाच्या कठड्यावर उभे राहून रांग लावायचे, आणि आमच्या घराची घागर सगळ्यांत शेवटी भरायचे, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आता ते खाटेवर होते, पण नियम त्यांचाच चालू होता. जास्तीची घागर मागणं म्हणजे आबांच्या मुलीनं आबांचाच नियम मोडणं.

मी घरातल्या पाण्याचा आढावा घेतला. कामाच्या पद्धतीप्रमाणे, कुठलं पाणी वाया जातंय ते शोधायला. वाया काहीच जात नव्हतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शेळीला. भांडी विसळलेलं परसातल्या लिंबाला. अंघोळ घमेल्यात बसून, ते पाणी फडकी भिजवायला, आणि फडक्यांचं पाणी अंगणात शिंपायला. प्रत्येक थेंबाला मालक होता. शेवटी मी लिंबाचं पाणी काढून खड्ड्याला दिलं. आई म्हणाली, "झाड बोलत न्हाई म्हून व्हय?" पण नको म्हणाली नाही. पाइपाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वर दगड ठेवले, ऊन लागू नये म्हणून पत्र्याचा तुकडा आडवा लावला. तेवढ्यानं भागेना. मीटरचा काटा रोज थोडा थोडा वर सरकायचा आणि दुपारनंतर मशीन गोठायचं. मग मी सकाळचं काम सकाळी उरकून दुपारी कागदावर प्रोग्राम लिहायला लागले.

पाण्याचे कॅन आटपाडीहून वडापनं आणायचाही प्रयत्न केला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी जीपवाला म्हणाला, "आक्का, मानसं टपावर बसवू आन् कॅन आत? तुमीच सांगा." विकत घ्यायलाही पाणी नव्हतं, ज्यांच्या विहिरीला होतं त्यांनी ते डाळिंबांसाठी राखलेलं.

एका सकाळी परसात बघते तर मामांची मेंढरं पाइपाला भिडलेली. मिठाच्या वासानं आली होती आणि ओली माती चाटत होती. मी ओरडले. मामा पळत आले, मेंढरं हाकलली, मग पाइपाकडं आणि मेंढरांकडं आळीपाळीनं बघत उभे राहिले.

"बाय, तुला वल पायजे ना खड्ड्यात?"

"हो मामा."

"मग हाकलतीस कशाला? बसवू की मेंढरं हितंच."

आमच्या भागात मेंढरं बसवणं ही जुनी रीत. पिकं निघाली की शेतकरी कळप रानात बसवून घेतो, लेंड्या आणि मुतानं जमीन सुधारते, धनगराला धान्य मिळतं. मामांनी तीच रीत माझ्या कॉम्प्युटरला लावली. दिवस मावळला की थोडी मेंढरं आमच्या परसात यायची आणि पहाटे उठून जायची. सगळं परस दरवळायला लागलं. मामांनी येईल त्याला सांगायला सुरुवात केली, "कंपूटरला खत घातलंय, ऊस कवा येतोय बघायचा." आई नाकाला पदर लावून हसायची. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. आबाही हसले, एका बाजूनं.

आणि खरोखर काम झालं. काटा खाली आला. मी सलग बसू लागले. औषधांची नोंद घेणारा भाग झाला, मुदत तपासणारा भाग झाला. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पुठ्ठ्यात बांधून सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची, स्टँडवर ऑफिसचा माणूस उतरवून घ्यायचा. साहेबांना फोन केला की ते म्हणायचे, "छान चाललंय मॅडम. असंच ठेवा." इतक्या शब्दांवर माझे पुढचे चार दिवस बरे जायचे.

शिमगा झाला आणि मामा निघाले. दर साली निघायचेच. पश्चिमेला कडेगावच्या बाजूला ऊस तुटून गेलेल्या रानांत कळप बसवायचे, पाऊस लागला की परत. जाताना म्हणाले, "चार ठेवली असती गं तुज्यासाटनं, पर त्यास्नी पाजायचं काय?" 

मी मनाची तयारी केली. मशीन पुन्हा बिघडणार हे धरून कामाची फेरमांडणी केली: अवघड भाग आधी, बाकीचा कागदावर. पण मशीन बिघडलं नाही. चैत्राचं ऊन तापत गेलं, लिंबाची पानं गळाली, आणि मीटरचा काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, मेंढरांमुळं खड्डा मुरला असेल. खारट माती ओल धरते, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण काम पुढं सरकत होतं.

आबांना भरवणं, हातापायांचा व्यायाम, औषधं हे मी बघायचे. अंग पुसणं मात्र आईकडं. बाप कितीही लुळा झाला तरी मुलीसमोर उघडा होत नाही. मी काम थांबवून आत जायचे, आई सोप्याचं दार लावून घ्यायची, थोड्या वेळानं उघडायची. आबांच्या अंगाला पावडरचा वास यायचा. रोज नीट होतंय असं समजून मी पुन्हा खुर्चीवर बसायचे.

एप्रिल निम्मा झाला असेल. आईला ताप आला, उठवेना. मी आबांना म्हटलं, आज मी पुसते. त्यांनी डावा हात जोरजोरात हलवला. नको, नको. मला वाटलं लाजताहेत. मी समजूत घातली, सदरा काढला, कुशीवर वळवलं.

कमरेखाली माकडहाडावर रुपयाएवढी जागा काळपट लाल झाली होती आणि मधोमध कातडं गेलेलं होतं. भोवती पावडरीचे थर, घामात भिजून कडक झालेले. मिरजेत नर्सनं निघताना बजावलं होतं, रोज अंग पुसायचं, रोज कोरडं करायचं, नाहीतर पाठ फुटेल. मी ते लिहूनही घेतलं होतं. पाठ फुटली होती.

मी आत गेले. आई वाकळ घेऊन भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आई, आबांचं अंग कधीपासून पुसलं नाहीस?"

तिनं वाकळ वर ओढली.

"आई."

"पुसती की. वल्या फडक्यानं."

"आणि पाणी?"

ती भिंतीशीच बोलली, "खड्ड्याला घातलं. त्यांच्या वाटनीचं आन् माज्या अंगोळीचं. तू उटायच्या आत."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"त्यांनीच." तिनं हातानं सोप्याकडं दाखवलं. "मेंढरं गेली तवा मी म्हनलं, आता मशीन बंद पडंल, पोरगी जाईल सांगलीला. तर ह्यांनी हातानं खून केली, मला पुसू नगंस, तिकडं वत. मी लय म्हनलं, न्हाई म्हनून. ऐकतोय कोन? रोज तेच. मग मी पावडर आनली."

मी बाहेर आले. आबा माझ्याकडंच बघत होते. मी काय ऐकून आले ते त्यांना कळलं होतं. ज्या माणसानं सगळ्या वाडीला घागर मोजून दिली, त्यानं स्वतःच्या अंगाचं पाणी मशीनच्या खड्ड्यात ओतायला लावलं होतं, मी इथं राहावं म्हणून. आणि मी तिथं मशीन मांडलं होतं ते त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून. कुणाला बोल लावावा असं त्यात काही नव्हतं, आणि दुरुस्त करावं असं एक ठिकाणही सापडत नव्हतं.

त्या दिवशीची पहिली बादली मी आबांसाठी गरम केली. दुपारी मशीन गोठलं.

दुसऱ्या दिवशी बूथवर जाऊन इंजिनिअरला विचारलं, पाण्याशिवाय काही उपाय? तो म्हणाला, खड्डा आणखी खोल घ्या. खाली काळा खडक होता. साहेबांना विचारलं, महिनाभर मुदत मिळेल का? "मॅडम, मिरजेवाल्यांना तारीख दिलीय. मी काय सांगू त्यांना? तुमच्याकडं पाणी नाही म्हणून?" त्यांचा आवाज चिडका नव्हता. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. मागं बूथवाला मीटरचे आकडे वाढताना बघत होता आणि माझ्या मागं रांग होती. मी म्हटलं, "मग माणूस बसवा, सर." ते म्हणाले, "बघा, तुम्हीच म्हणताय." मी म्हटलं, "हो."

मी झालेल्या कामाची नीट मांडणी केली. कुठली फाइल कशाची, काय झालं, काय राहिलं, कुठं काळजी घ्यायची. पुढच्या माणसाला एक शब्दही विचारावा लागू नये असं सगळं लिहून दिलं. इंजिनिअर टेम्पो घेऊन आला. मशीन उचलताना तो परसात जाऊन पाइपाकडं बघून आला आणि मग मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागला. "मॅडम, मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. त्याला कसं माहीत असणार? टेम्पो गेला, टेबलावर चौकोनी स्वच्छ जागा राहिली, बाकी सगळीकडं धूळ.

आईचा ताप उतरला होता. तिनं पातेल्यात पाणी गरम केलं आणि आबांच्या खाटेशी आणून ठेवलं. या वेळी तिनं दार लावलं नाही, आणि आबांनीही हात हलवला नाही. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. मी खांद्याला धरून त्यांना उचललं, आई पाठ पुसायला लागली. जखमेशी आली की तिचा हात थांबायचा.

"सायबानं काडलं न्हवं तुला?" तिनं विचारलं.

"मीच सोडलं."

"मग आता हितं बसून करनार काय तू?"

मी आबांच्या खालचा ओला टॉवेल ओढून काढला आणि त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं. त्या बाजूच्या कमरेवरही लाल व्हायला लागलं होतं.